भवानीचा शेअर

आमच्या घरात तवा चढायचा तो दुकानात भवानी झाल्यावरच. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक येऊन काहीतरी, मग तो चहाचा चमचा का असेना, विकत घेऊन गेलं की अप्पा ते पैसे गल्ल्यात टाकायच्या आधी दोन्ही डोळ्यांना लावत, कपाळाला लावत आणि मागच्या पडद्याकडे तोंड करून म्हणत, "झाली गं." मग आई परातीत पीठ घ्यायची. ही शिस्त तिची स्वतःची नव्हती. लग्न होऊन ती ताडकळसला आली तेव्हा सासूनं ती तिला लावली, आणि सासू गेल्यावर आईनं ती सासूपेक्षाही कडक केली. भवानीच्या आधी चहा चाले, मुरमुरे चालत, रात्रीची भाकरी दुधात कुस्करलेली चाले, पण ताजी भाकरी नाही. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांच्याच घरी असं असेल अशी माझी समजूत होती. एकदा परभणीला मैत्रिणीच्या घरी मुक्कामाला राहिले, तर सकाळी सातलाच स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज आला. मला वाटलं, हिच्या वडिलांचं दुकान फारच चालतं. तिचे वडील शिक्षक होते.

आमचं दुकान भांड्यांचं. बाजाररस्त्यावर पुढे दुकान आणि मागे तीन खोल्या, मधे एक निळा पडदा. त्या पडद्यामुळे दिसायचं काही नाही, पण ऐकू सगळं यायचं. आई पीठ चाळता चाळता आवाजावरून सांगायची की आता कुणीतरी तांब्या पाहतंय, आता पातेलं उलटं करून बुड ठोकतंय, आता हे गिऱ्हाईक नुसतं बघून जाणार. ती सहसा चुकत नसे. अप्पांची पद्धतही कानाचीच होती. परभणीहून आलेला माल ते डोळ्यांनी नंतर बघत, आधी बोटाच्या पेरानं वाजवत. चांगला पत्रा घंटेसारखा लांब वाजतो, हलका पत्रा खोकतो, असं ते म्हणत. पहाटे अंघोळ करून, कपाळभर विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग घेऊन ते पूजेला बसत तेव्हा घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. पूजा झाली की दुकानाच्या फळ्या निघत आणि मग दिवसभर आवाजच आवाज. त्यातला माझा आवडता आवाज भांड्यावर नाव घालायच्या मशीनचा. पेनासारखं हातात धरायचं, गर्रर्र करत पत्र्यावरून फिरवायचं. लग्नाच्या दिवसांत अप्पा मान खाली घालून दुपारभर नावं घालत बसत आणि मी शेजारी बसून ताटांवर नवऱ्यामुलाचं नाव, गाव वाचत असे. मला वाचायला शाळेत शिकवलं, पण माझं वाचन पक्कं झालं ते भांड्यांवर.

मी कॉलेजला जायला लागले तेव्हा भवानी उशिरा व्हायला लागली होती. आधी लग्नात पाच भांड्यांचा सेट द्यायची रीत होती, आता लोक पाकीट देऊ लागले. बादल्या, घागरी, डबे सगळं प्लास्टिकचं आलं. मोटारसायकलला मागं-पुढं स्टीलची भांडी बांधून गावोगाव फिरणारे आले, ते तर दारात नेऊन देत. बाजाराचा दिवस सोडला तर सकाळी दुकानात कुणी फिरकेना. साडेआठची भवानी साडेनऊवर गेली, मग अकरावर, मग कधी दुपारी जेवणाच्या वेळेवर. माझी परभणीची बस साडेदहाला. मी चहा आणि मूठभर मुरमुऱ्यांवर बस पकडायची आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत पोटात तेवढंच. आईनं तवा चढवला नाही. तिला माझी काळजी नव्हती असं नाही. बस सुटायच्या वेळेला ती पडद्याआडून दोन-तीनदा विचारायची, "झाली का हो भवानी?" आणि अप्पा काही बोलत नसत. त्या न बोलण्याचा मला तेव्हा राग यायचा. भुकेचा राग होता तो, पण मी तो दुकानावर काढायची, आईच्या शिस्तीवर काढायची. एकदा कॉलेजात तासाला चक्कर येऊन पडले. घरी मी सांगितलं नाही, पण गावातली एक मुलगी माझ्याच बसला होती, तिनं सांगितलं.  अप्पा त्या संध्याकाळी नुसते माझ्या ताटाकडे बघत बसले. ताटात करडईची भाजी होती आणि मी तिसरी भाकरी घेत होते.

शेअरचं खूळ मीच घरात आणलं. वाणिज्याचे सर वर्गात पेपरातलं शेअरबाजाराचं पान घेऊन यायचे आणि त्या मुंगीएवढ्या आकड्यांतून कंपनीची गोष्ट सांगायचे. मला ते फार आवडलं. मला सीए व्हायचं होतं, त्यासाठी पुण्याला जायचं होतं, आणि त्याला लागणारे पैसे आमच्याकडे नाहीत हे मला माहीत होतं. पण आमच्याकडे मोड होती. मोड म्हणजे गिऱ्हाइकांनी नव्या स्टीलच्या बदल्यात देऊन टाकलेली जुनी तांब्यापितळेची भांडी. अप्पांच्या वडिलांपासूनची ती मागच्या खोलीत छतापर्यंत साचली होती, घागरी, हंडे, तपेल्या, बंब. ती वितळवायला द्यायचं अप्पांच्या जिवावर येई, कारण बहुतेकांवर नावं होती आणि त्यातली कितीतरी नावं घालणारा हात त्यांच्याच घरातला होता. तांब्याचा भाव लय चढलाय असं नांदेडचा व्यापारी येऊन सांगून गेला, तेव्हा अप्पांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी टेम्पो बोलावला. एकेक भांडं बाहेर जाताना ते नाव वाचत होते. "ही चुडाव्याच्या सोनाबाईची घागर. हा पालमच्या मामीचा हंडा." टेम्पो गेल्यावर खोलीत नुसता हिरवट वास राहिला. अप्पा मला म्हणाले, "आता तू सांग, ह्याचं काय करायचं. तुझं हाय हे."

म्हणून मी त्यांना शेअर शिकवले. मला स्वतःला जेमतेम सहा महिन्यांचं ज्ञान, पण शिकवताना मी सरांसारखी पेन कानावर ठेवायची. शेअर म्हणजे कंपनीतली भागीदारी, हे त्यांना पटकन कळलं. अडलं ते दुसरीकडेच. त्यांनी विचारलं, "माल ठिवतेत कुठं?" मी म्हणाले, आता कागदसुद्धा नसतो, कॉम्प्युटरात नुसती नोंद असते.  ते म्हणाले, "दिसत न्हाई, वाजत न्हाई. असला कसला माल गं?" तरी परभणीला येऊन त्यांनी दलालाच्या ऑफिसात खातं उघडलं. मी सज्ञान व्हायला काही महिने बाकी होते, म्हणून खातं त्यांच्या नावावर. फोनवर सांगितलं की काम होईल अशा कागदावर त्यांनी सही करून दिली. ऑफिसात फोन घ्यायला जब्बारभाई नावाचे वयस्कर कारकून होते. त्यांनी अप्पांना चहा पाजला आणि अप्पांनी चहाचा पेला रिकामा झाल्यावर टेबलावर हळूच वाजवून पाहिला.

आम्ही दोनच कंपन्यांचे शेअर घेतले. एक मी निवडला, मोटारसायकल बनवणाऱ्या कंपनीचा. गावात ज्याच्या त्याच्या दारात नवी गाडी उभी राहत होती आणि त्याच गाड्यांनी आमचं दुकान मारलं होतं, तेव्हा निदान त्यातला वाटा तरी आपल्याला मिळावा, असं माझं गणित. दुसरा अप्पांनी निवडला, पोलाद करणाऱ्या कंपनीचा. मी कागदावरचे आकडे दाखवून नको म्हणत होते. ते म्हणाले, "आकड्याचं तू बघ. पत्र्याचं मला ईचार. तीस वर्षं हात लावायलोय त्यांच्या मालाला." मग मी कागद बाजूला ठेवला. माझा शेअर चढत गेला आणि त्यांचा उतरत गेला. रोज बसस्टँडवर पेपर घेऊन मी भाव बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन अप्पांना चिडवायची की तुमचा पत्रा खोकायलाय. ते हसायचे. मी ती सगळी वर्षं रोज भाव पाहिला. माल जागेवर आहे का, हे बघायचं मला एकदाही सुचलं नाही. आता माझ्याकडे नवी पोरं शिकायला येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते आणि सांगताना माझा आवाज थोडा कोरडा होतो. त्यांना वाटतं, बाई कडक आहेत.

मला चक्कर आली त्यानंतर थोड्याच दिवसांत घरात एक बदल झाला. भवानी वेळेवर व्हायला लागली. दहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना दुकानातून अप्पांचा आवाज यायचा, "झाली गं," आणि आईचा तवा चढायचा. ती झरझर दोन भाकऱ्या टाकायची, वर येसराची आमटी नाहीतर कारळाची चटणी आणि करडईचं तेल, आणि मी उभ्या उभ्या जेवून बसला पळायची. मला वाटलं, दुकान सुधारलं. भांड्यांचा आवाज काही वाढला नव्हता, पण ते मी कशाला लक्षात घेते. शनिवारी आणि रविवारी भवानीला पुन्हा पहिल्यासारखा उशीर व्हायचा, तेही मला दिसत होतं. पण त्या दिवशी मला बस गाठायची नसायची. एकदा भवानीच्या वेळेला मी दुकानात डोकावले तेव्हा पाहिलं, अप्पांनी फोन खाली ठेवायच्या आधी रिसीव्हर दोन्ही डोळ्यांना लावला, कपाळाला लावला. मी हसून विचारलं, फोनला पण नमस्कार का? ते म्हणाले, "जा, जेव, बस सुटंल." तेव्हा शेअरबाजार दहाला पाच कमी असताना उघडायचा. आता सव्वानऊला उघडतो. पण अजूनही भिंतीवरचं घड्याळ दहाला पाच कमी दाखवायला लागलं की मी हातातलं काम थांबवते.

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली. अप्पांनी माझ्यासाठी तीन कप्प्यांचा डबा काढून ठेवला होता, दुकानातला सगळ्यात जड, आणि त्याच्या झाकणावर 'नंदा' असं माझं नाव घालून पुढे 'सीए' असंही घातलं होतं. मी म्हणाले, अहो, अजून प्रवेशसुद्धा झाला नाही. ते म्हणाले, मग काय झालं, पुसत न्हाई हे. दुसऱ्या दिवशी मी फीपुरते शेअर विकायला सांगावं म्हणून परभणीला ऑफिसात गेले. अप्पांना सोबत चला म्हणाले तर त्यांनी दुकानाचं निमित्त सांगितलं आणि सहीची चिठ्ठी दिली. जब्बारभाईंनी खातं उघडून पाहिलं आणि मान वर न करता म्हणाले की पोलादाचे सगळे आहेत. मी म्हणाले, पोलादाचे नकोत, मोटारसायकलचे. त्यांनी चष्मा काढला.

"बेटी, ते कव्हाच सरले. तुमचे अप्पा रोज सकाळी एक इकायचे. बाजार उघडला की पैला फोन त्यांचाच. जब्बारभाई, एक काढा. म्या दोन-तीन बार बोललो, अप्पा, दस-बीस एकदम इका, दलाली तरी वाचंल. तर म्हणले, सगळे एकदम इकल्यावर उद्या काय इकू? त्यांची बोनी, तुमची ती भवानी, व्हायची ती."

त्यांनी पोलादाचे का नाही विकले, असं मी विचारलं. जब्बारभाई म्हणाले, त्याला भाव कुठं होता. दुकानदार आधी चालणारा माल काढतो, न चालणारा भाव येईपर्यंत ठेवतो. अप्पांनी तीस वर्षं तेच केलं होतं आणि शेअरचंही त्यांनी तेच केलं. चढणारा रोज एक विकला, पडणारा फळीवर ठेवला. पुढं मोठ्या पुस्तकांत मला वाचायला मिळालं की नवशिके गुंतवणूकदार नेमकी हीच चूक करतात. पुस्तकात त्याची कारणं वेगळी दिली होती.

बसमध्ये मी रडले नाही. ताडकळसला उतरले तेव्हा दुकानात दोन बायका होत्या. लग्नासाठी मोठी घागर बघत होत्या आणि अप्पा कितीतरी दिवसांनी मशीन हातात घेऊन एका ताटावर नाव घालत होते. मी पायरीवरूनच बोलायला सुरुवात केली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एक वाक्य आठवतं आणि ते मी इथं लिहून ठेवते, कारण ते माझं आहे. मी म्हणाले, "अप्पा, तुमी माझं शिक्षण रोज एक-एक करून इकलं अन् खाल्लं." त्या बायकांनी घागर हळूच खाली ठेवली आणि निघून गेल्या. पडदा हलला, आई बाहेर आली नाही. अप्पांनी मशीन बंद केलं. त्यांच्या बोटांना पत्र्याची चमकती पूड लागली होती, ती ते धोतराला पुसत राहिले.

"जेवून जायलतीस ना रोज, माय," ते म्हणाले.

मी म्हणाले, त्यासाठी एवढा माल विकायची काय गरज होती? आईला नुसतं झाली म्हणून सांगायचं. तिला काय कळणार होतं?

ते माझ्याकडे बघत राहिले. आपल्या शिकलेल्या मुलीला एवढं साधं कसं कळत नाही, असं काहीतरी त्यांच्या नजरेत होतं. "भवानीचं खोटं बोलत नसतेत," ते म्हणाले.

त्या दिवशी मला ते हास्यास्पद वाटलं. एक माणूस मुलीचं पुण्याला जाणं मोडतो पण दोन शब्दांचं खोटं बोलत नाही, याला काय म्हणावं? आज मला वाटतं की मी आयुष्यात एवढा खरा माणूस दुसरा पाहिला नाही. पण आज वाटून काय उपयोग. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मला भाकरी थापल्याचा आवाज आला. आईनं कुणालाही काही न विचारता तवा चढवला होता. अप्पा पूजेला बसले होते आणि घरात आवाज होत होता, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आईनं माझ्या ताटात भाकरी टाकली. ती माझ्याशी बोलली नाही आणि माझी बाजू घेऊन अप्पांशीही बोलली नाही. तिची इतक्या वर्षांची शिस्त मी एका वाक्यानं मोडली होती.

मी पुण्याला गेले नाही. परभणीला खोली घेतली आणि जब्बारभाईंच्याच ऑफिसात नोकरी धरली. त्यांनीच बोलावून दिली ती, का ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फोन घ्यायचा, गिऱ्हाइकाचा नंबर विचारायचा, कंपनी विचारायची, किती ते विचारायचं आणि जब्बारभाईंना मोठ्यानं सांगायचं. जेवायला अप्पांनी दिलेलाच डबा न्यायची, कारण दुसरा नव्हता. झाकण उघडलं की 'सीए' खाली जाईल असं उलटं ठेवायची. घरी सणाला जायची. गेले तरी अप्पांशी बोलणं आईच्या मार्फत. "त्यांना सांग, चहा झालाय." ते पडद्यापलीकडे असायचे आणि सगळं ऐकू जायचं. फोनवरून शेअर विकणं त्यांनी बंदच केलं होतं. सकाळी दहाला पाच कमी असताना फोन वाजला की माझा हात थोडा थबकायचा, पण तो कुणी दुसराच असायचा.

असे आठ-नऊ महिने गेले. एका सकाळी बाजार उघडला, जब्बारभाई चहाला खाली उतरले आणि फोन वाजला. मी उचलला. पलीकडे मागे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखला. आमच्या दुकानातल्या फरशीवर पातेलं ठेवलं की असा आवाज येतो.

"जब्बारभाई न्हाईत का?"

मी म्हणाले, चहाला गेलेत. बोला.

मला वाटतं त्यांनी माझा आवाज पहिल्याच शब्दाला ओळखला होता. पण ते आमच्या घरातल्यासारखं बोलले नाहीत. परक्या ऑफिसात बोलावं तसं जपून बोलले. "एक इकायचं हुतं. ते पत्र्याचं."

समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर भाव होता. घेतला त्याच्या निम्म्यावर आला होता. मी तोवर बरंच शिकले होते, रोज चार गिऱ्हाइकांना समजावून सांगत होते. मी त्याच आवाजात म्हणाले, "सध्या भाव पडलेला आहे. आत्ता विकू नका. थोडं थांबा."

"थांबू म्हणता?"

अप्पा मला 'म्हणता' म्हणाले. जन्मापासून मला माय म्हणणारा माणूस मला 'म्हणता' म्हणाला, आणि मी म्हणाले, "हो."

"बरं," ते म्हणाले. मग थोडा वेळ फोन तसाच होता. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला काहीतरी बोलता आलं असतं. जेवलात का, असं विचारता आलं असतं. मी वाट बघितली की ते ठेवतील, आणि त्यांनी ठेवला. जब्बारभाई चहा घेऊन आले तेव्हा मी त्यांना जरा अभिमानानंच सांगितलं की अप्पांचा फोन होता, पडत्या भावात विकत होते, मी थांबवलं. जब्बारभाईंनी पेला टेबलावर ठेवला. "बेटी," ते म्हणाले, "एकच तर मागितला होता."

त्याच महिन्यात एका सकाळी दुकानाच्या फळ्या काढताना अप्पा गेले. तिसरी फळी हातात होती, असं शेजारच्यांनी सांगितलं. मी पोचले तेव्हा त्यांना विभूती लावून भिंतीला टेकून बसवलं होतं, आमच्या लिंगायतांत बसवूनच नेतात. जंगम मंत्र म्हणत होते. अप्पा पूजेला बसल्यासारखेच दिसत होते, म्हणून मला वाटत राहिलं की आवाज करू नये. मी रडले तेही आवाज न करता. मला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन एवढंच सांगायचं होतं की विका, एक विका, पाहिजे तर सगळे विका. पण भोवती माणसं होती आणि मला लाज वाटली.

माझा सल्ला बरोबर होता, हे इथं लिहायला हवं. पोलादाचा तो शेअर पुढं सावरला, मग चढला, मग एवढा चढला की ऑफिसात लोक त्याच्याबद्दलच बोलायचे. अप्पांनी पत्रा वाजवून केलेली निवड माझ्या निवडीपेक्षा भारी निघाली. ते शेअर आईच्या नावावर झाले आणि अजून आहेत. मी त्यातला एकही विकला नाही आणि माझ्या मागं जो कुणी येईल त्यानं काय करावं ते त्यानं ठरवावं. माझी नोकरी झाली, पुढं स्वतःचं छोटं ऑफिस झालं, आता कानाशी केस पिकले. लोक म्हणतात, बाईंचा सल्ला चुकत नाही. त्या सकाळी तरी चुकायला हवा होता.

आई आता परभणीला माझ्याकडे असते. दुकान विकलं तेव्हा तिनं तिथून फक्त तवा आणला. अप्पांच्या त्या फोनबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नव्हतं. तिला ते माहीत नाही असंच मी धरून चालले होते. मागच्या थंडीत एकदा सकाळी ती भाकरी करत होती आणि मी फोनवर एका नव्या मुलाला समजावत होते की पडत्या भावात विकू नकोस, थांब. फोन ठेवला तर आई म्हणाली, "ह्यांना बी असंच म्हणलीस तू."

मी विचारलं, तुला कसं माहीत?

"पडद्याआड मीच हुते की." तिनं पिठाच्या हातानं भाकरीला पाणी लावलं. "लय दिवसानं फोन लावला त्यांनी. म्या म्हणलं, आता कामून लावायलाव, आता तर तवा मी सकाळीच ठिवायलेय. म्या पडदा सारून बघत हुते. बोलणं झालं, फोन डोळ्याला लावला, कपाळाला लावला, अन् माझ्याकडं बघून म्हणले, झाली गं."

मी म्हणाले, आई, मी विकूच दिलं नाही त्यांना. काही विकलंच नाही त्या दिवशी.

"ते म्या बी ईचारलं. काय इकलं म्हणलं." आईनं भाकरी उलटली. "तर म्हणले, इकलं काही न्हाई. नंदा बोलली."